वरची बांगडी

सोनपेठला आमच्या दारासमोर कासारीण काकूंची खोली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. देवगाव फाट्याकडे एक दीर होता आणि काकू कधी आपल्या दारी येऊन पडतात याची तो वाटच बघत होता, कारण त्याच्या गोठ्यातलं शेण काढायला घरात कुणी तयार नव्हतं. काकू मरणाला भ्यायच्या नाहीत, पण त्या दिराला भ्यायच्या. बांगड्या भरून भाकरीपुरतं सुटायचं आणि निराधार म्हणून सरकारचं अनुदान यायचं, त्यात खोलीचं भाडं भागायचं. यातलं एक जरी गेलं तरी काकूंना गोठा ठरलेला. मी समोर शिलाई मशीन चालवायची, म्हणून हे सगळं मला रोज दिसायचं.

काकूंचे दोन नेम होते. रिकाम्या हाताची सवाष्ण दारातून माघारी पाठवायची नाही, हा एक. दुसरा म्हणजे, हात भरून झाला की ठरलेल्या बांगड्यांवर आणखी एक फुकट चढवायची. तिला वरची बांगडी म्हणायचे. ती कासारणीच्या आशीर्वादाची. कितीही घासाघीस करणारी बाई असो, वरची चढल्याशिवाय हात मागे घ्यायची नाही, आणि मग वाकून काकूंच्या पाया पडायची. काकू विधवा. लग्नकार्यात त्यांना कुणी पुढे येऊ देत नसे. पण हात भरून घेताना गावातल्या मालदारणीसुद्धा त्यांच्यापुढे वाकायच्या, आणि मला ते बघायला लय बरं वाटायचं.

तर त्या साली सरकारला सुधारणेचा झटका आला. नवा नियम निघाला, ज्याचा स्वतःचा धंदा आहे तो निराधार नाही. कोतवाल सांगायला आला तेव्हा मी मशीनवरून उठलेच.

"म्हणजे काकूनं धंदा सोडून उपाशी मरायचं, न्हाई तर धंदा करून रस्त्यावर झोपायचं?"

"तसं नियमात लिहिलेलं न्हाई," कोतवाल म्हणाला. "उद्या तपासणीला जिल्ह्याहून बाई यायलीय. काय ते बघून घ्या."

उद्या! नागपंचमी तोंडावर आलेली, वर्षातला सगळ्यात गर्दीचा हंगाम, आणि ह्यांना उद्याच उगवायचं होतं. मी काकूंच्या पेट्या उचलून माझ्या घरी आणल्या आणि गोधड्यांच्या चळतीखाली दडपल्या. गल्लीला ताकीद दिली, कुणी विचारलं तर काकू काहीच करत नाहीत. काकू बिचाऱ्या भिंतीला टेकून बसल्या. कामाशिवाय बसायची सवय नाही, त्यामुळे हात कुठे ठेवावे हेच त्यांना कळेना.

बाई आल्या. तरुण होत्या, स्वभावानं वाईट नव्हत्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात काचेच्या दोन बांगड्या.

"आजी, तुम्ही दिवसभर काय करता?"

"बसते," काकू म्हणाल्या.

"आणि?"

"उठते."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. "इथे एवढ्या काचा कशाच्या?"

मी पुढे झाले. "आमच्या गल्लीतल्या बाया लय भांडकुदळ हायत, बाई. रोज कुणाची ना कुणाची बांगडी वाढतीच."

तेवढ्यात त्याच भांडकुदळ बाया दारात हजर! ताकीद दिली होती मी, पण पंचमीपुढे माझी ताकीद काय टिकते. हात धुऊन, बाह्या सावरून, सहासात जणी बांगड्या भरायला आलेल्या. आत सरकारी बाई दिसल्यावर सगळ्यांचे हात एकदम पदराखाली गेले.

"या कशाला आल्यात?" बाईंनी विचारलं.

"भजनाला," किराणावाल्याची बायको म्हणाली. तिनं जन्मात भजन म्हटलेलं नव्हतं. "श्रावण हाय ना."

"अरे वा! म्हणा की मग," बाई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्याच. आली का पंचाईत! कुणालाच धड काही येईना. शेवटी शेजारच्या लिंगायतांच्या सुनेनं 'हर हर महादेव' सुरू केलं आणि पुढचं कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आम्ही तेवढंच म्हणत राहिलो. कधी मोठ्यानं, कधी बारीक आवाजात. थांबलं तर प्रश्न सुरू होतील या भीतीनं कुणी थांबेना. बाईंना मात्र रंग चढला. त्या टाळ्या वाजवायला लागल्या, आणि तिसऱ्या का चौथ्या टाळीला त्यांच्या दोन्ही बांगड्या खळ्‌कन फुटून खाली पडल्या.

भजन बंद. बाई आपल्या उघड्या मनगटाकडे बघत राहिल्या. एवढी शिकलेली, हातात कागद असलेली बाई, पण तोंड उतरून एवढंसं झालं. "पंचमीच्या तोंडावर..." एवढंच म्हणाल्या.

मी काकूंकडे बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, हलू नका. अहो, पण ऐकतंय कोण! काकू उठल्या, गल्ली ओलांडून माझ्या घरात गेल्या, गोधड्या भराभर खाली फेकल्या आणि पेटी घेऊन आल्या. मला वाटलं, आता काकू गेल्या गोठ्यात. काकूंनी बाईंचा हात मांडीवर घेतला, बोटं दाबून मऊ केली, आणि हिरव्यागार बांगड्या अशा सरसर चढवल्या की बाईंना कळलंसुद्धा नाही. शेवटी वरची चढवली. बाई सवयीनं वाकून पाया पडल्या.

वाकून उठल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "आजी, म्हणजे हा तुमचा धंदा आहे."

"धंद्यात पैशे घेतेत," काकू म्हणाल्या. "मी घेतले का?"

बाईंनी पर्स उघडली. सौभाग्याचं लेणं फुकट कसं घ्यायचं म्हणून त्या पैसे पुढे सरकवायच्या, आणि काकू ते मागे सरकवायच्या. घेतले की धंदा! बांगड्या परत द्याव्या तर त्या फोडल्याशिवाय निघत नाहीत. शेवटी मीच ते पैसे उचलून बाईंच्या पर्समध्ये कोंबले आणि पर्स बंद केली. बाईंनी खूप विचार केला आणि आमच्यादेखत कागदावर लिहिलं, धंदा नाही. त्या गेल्यावर मी गल्लीत गूळ वाटला.

पुढच्या महिन्यात अनुदान आलं नाही. कोतवालाला गाठलं, तर तो नजर चुकवायला लागला.

"बाईनं खरं तेच लिहिलंय. धंदा न्हाई म्हणून. पण खाली लिहिलंय की म्हातारी फुकट बांगड्या भरती, पैशे दिले तरी घेत न्हाई. सायेब म्हणले, जी दानधर्म करती ती निराधार कशी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी एसटी धरून मी त्या साहेबापुढे जाऊन उभी राहिले.

"काकूनं पैशे घेतले असते तर?"

"तर धंदा ठरला असता."

"मग करायचं काय होतं तिनं?"

साहेबानं शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. "बाईंना रिकाम्या हातानं पाठवायचं होतं."

येताना एसटीत मी मोठमोठ्यानं शिव्या देत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

खोली सुटली. दीर बैलगाडी जुंपून आला, तेव्हा मी दारात आडवी झाले आणि काकूंची पेटी, वळकटी माझ्या मशीनशेजारी आणून टाकली. नवरा धुसफुसला, मी त्याला धुसफुसू दिलं. पण काकू पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. लोकाच्या घरात मोठ्यानं खोकायलासुद्धा त्या भ्यायच्या. धंदा मात्र आता राजरोस करायच्या, बाजारात, भर रस्त्यावर. चोरी फक्त वरच्या बांगडीची, फुकट देणं हाच गुन्हा असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ती गिऱ्हाइकाच्या हातात पदराआडून चढवायच्या आणि आधी इकडेतिकडे बघून घ्यायच्या.

संक्रांतीच्या बाजारात त्या सरकारी बाई आल्या. हसतच समोर बसल्या, म्हणाल्या, "आजी, तुमच्या हातची एकही बांगडी अजून वाढली नाही हो." काकूंशेजारी बसलेली मी रागानं लाल झाले. काकूंनी त्यांचा हात भरला, भाव सांगितला आणि पैसे मोजून घेतले. बाईंनी हात मागे घेतला नाही.

"आजी, वरची राहिली."

"न्हाई, बाई," काकू म्हणाल्या. "ती चढवली की मी श्रीमंत होते."

बाईंचा हात तसाच पुढे राहिला. काकूंनी तो हळूच मांडीवरून उचलून बाजूला ठेवला आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "ये गं, बस."