आईच्या नावाचं पाणी

नागपूरच्या विमानतळावर बाकीच्यांचे नातेवाईक हातावर दही देत होते, कपाळाला कुंकू लावत होते. आमची मंडळी मात्र ट्रॉलीभोवती हात जोडून उभी राहिली आणि आईनं मोठ्यांदा त्रिशरण सुरू केलं. गार्ड म्हणाला, "ट्रॉली बाजूला घ्या." आई थांबली नाही. पंचशील पूर्ण झालं तेव्हाच तिनं मला आत जाऊ दिलं. अर्धवट सोडून पाय उचलायचा नाही, हे तिचं नेहमीचं पालुपद. मग ती भाकरी असो की अभ्यास.

पुढं अमेरिकेत, शिकागोजवळचं नेपरव्हिल. नोकरी, घर, बर्फ, यशूचा जन्म. इथल्या मराठी मंडळात मी आरत्या म्हणते, मोदकांवर ताव मारते, मला कुणी परक्यासारखं वागवलेलं नाही. तरी मागच्या वर्षी आई गेली तेव्हा रडायला कुठं जावं, कळेना. व्हिसाचं काम अडकलं होतं. निघाले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती. आमच्यात मृत माणसाच्या नावानं पाणी ओततात, त्याला जलदान म्हणतात. ते बाबांनी तिकडं एकट्यानं केलं.

वर्ष होत आलं तेव्हा मंडळातल्या एक काकू प्रेमानं म्हणाल्या, "अगं, वर्षश्राद्ध मंदिरात करून घेऊ ना. गुरुजींना मी फोन करते."

"काकू, आमच्यात श्राद्ध नसतं."

"मग काय करता?"

काय करतो ते दाखवायला जागाच नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, आईच्या दिवसाआधी अशी जागा शोधायची, जिथं माझ्या हातून तिच्यासाठी पाणी ओतलं जाईल.

शनिवारची लॉन्ड्री तशीच टाकून मी यशूला घेऊन शिकागोची ट्रेन पकडू लागले. पहिलं मंदिर जपानी बौद्धांचं. पांढरी साडी, वरून विंटर जॅकेट. दाराशी बूट काढून मी ओल्या मोज्यांनी आत शिरले, तर सगळे बूट घालून बाकांवर बसलेले आणि कोपऱ्यात पियानो. यशू कुजबुजली, "आई, युअर शूज." माणसं मोठी लाघवी. चिमूटभर धूप निखाऱ्यावर कसा टाकायचा ते त्यांनी शिकवलं. पण प्रार्थना जपानीत होती आणि मला त्यातलं ओ की ठो कळेना.

मग ऑफिसातल्या एका जपानी मित्रानं शिंतो, म्हणजे त्यांच्या जुन्या देवधर्माच्या, देवस्थानाचा पत्ता दिला. ते निघालं एका कराटे क्लासातलं, उंच फळीवरचं लाकडी देऊळ. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा वाकायचं. यशूला ते भलतंच आवडलं. आई असती तर म्हणाली असती, "टाळ्या वाजवून उठवता होय देवाला?" मला हसू आलं आणि तिथंच डोळे भरून आले.

शेवटी एक थाई विहार सापडला. फोन केला तर भन्ते म्हणाले, या. आईच्या दिवशी मी सकाळपासून निवांतपणे खीर आटवली आणि दुपारी पोचले. आमच्या वस्तीतल्या विहारात भिक्खू राहत नसत. माणसं कामावरून आली की संध्याकाळी आपणच वंदना घेत आणि मग खीर वाटत. भिक्खू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत, हे माझ्यासारख्या जन्मानं बौद्ध बाईला एका थाई मावशींनी सांगितलं. मी पातेलं धरून उभी.

"नेक्स्ट वीक. कम मॉर्निंग," मावशी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आईचा दिवस नव्हता. मी म्हटलं, "खीर राहू दे. पण आज पाणी ओतल्याशिवाय मी जाणार नाही."

म्हातारे भन्ते आतून ऐकत होते. ते इंग्रजीत हळूच म्हणाले, "खीर ही मंडळी खातील. वंदनेला वेळेचं बंधन नाही." त्यांनी जमिनीवर बैठक मारली आणि मला सुरई दिली.

त्रिशरणाचे शब्द तेच, चाल निराळी. जिथं आम्ही थांबतो तिथं ते सूर लांबवायचे. मी माझ्या वस्तीची चाल सोडली नाही. थाई बायका आधी अडखळल्या, मग जुळवून घेऊ लागल्या. एरवी "सो बोरिंग" म्हणणारी यशूही म्हणत होती. तिकडं रात्र झाली होती, तरी मी लावलेल्या फोनवर बाबांनी घसा खाकरून सूर धरला. मी पाणी वाटीत ओतत होते आणि यशूनं, ओतणाऱ्याला हात लावला की पुण्यात आपलाही वाटा असतो असं मावशींनी सांगितलं म्हणून, माझ्या कोपराला बोट लावलं होतं.

भन्ते म्हणाले, आता ते बाहेर झाडाला घाला. मागच्या अंगणात एक मेपल होतं, अजून पालवी न फुटलेलं. त्याच्या मुळाशी मी वाटी रिकामी केली.

"झालं ना?" बाबांनी विचारलं. "मग आता झुरत बसू नको, बाई."

नागपूरहून तुम्ही सगळी घरची माणसं विचारता, घरी कधी येतेस. येईन, कागदपत्रं झाली की पहिल्या विमानानं. पण इथल्या मातीला आता माझ्यानं परकी म्हणवत नाही. माझ्या आईच्या नावाचं पाणी तिनं प्यायलंय.