काकूंनी मेस बंद ठेवली तो दिवस

मेसच्या काकूंनी त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक केला नाही, हे आधी सांगते. पुण्यात त्यांच्याकडे मी चपात्या लाटायचे. आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं लागलं म्हणून आठवीतच माझी शाळा सुटली होती. दहावी-बारावी बाहेरून दिली, ती काकूंच्या ओट्याशेजारी पुस्तक ठेवून.

बारावीनंतर दोन ठिकाणी नाव लागलं. एक पुण्यातच, व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, सकाळची बॅच. दुसरी आमच्या मराठवाड्यातली, सहकार व्यवस्थापनाची. घरी विचारावं म्हणून पाटोद्याकडं गावी गेले. आमच्याकडं मुकादमानं ऊसतोडीच्या टोळीत नाव धरलं की जागा पक्की. दसऱ्यानंतर गाडी भरली की जाऊन बसायचं. कॉलेजातही तसंच असेल असं मी धरून चालले. यादीत नाव लागलंय, मग जागा जाते कुठं?

दुष्काळ होता. टँकर आला की अख्खं गाव रस्त्यावर. चुलते तिथंच खुर्ची टाकून बसलेले. ते मुकादम, शिवाय गावच्या सहकारी सोसायटीचे संचालक. ज्या कारखान्याचे आम्ही सभासद, तो उसाअभावी बंद. दिवाळीला मिळणारी सभासदाची साखरही थांबलेली. तरी ‘सहकार’ ऐकल्यावर चुलते खूश झाले. सोसायटीच्या संचालक मंडळावर बाईची राखीव जागा होती. मी शिकून त्यांच्या शेजारी बसायचं आणि ते म्हणतील तेव्हा हात वर करायचा, एवढंच माझं शिक्षण.

मी पुण्याचं नाव काढलं तशी त्यांनी रांगेला ऐकू जाईल असं सुनावलं.

"आठवी सोडून कोयता धरलेली पोरगी तू. आता पुण्यात मॅनेजर व्हायलीस व्हय? तुझ्या बापाला टोळीत कोण घेतंय, ते आधी इचार."

रांगेत कुणीतरी हसलं. बाप हंडा धरून उभा होता, त्यानं वर बघितलं नाही. मला त्याचाही राग आला. अजून येतो.

तेवढ्यात काकूंचा फोन. पुण्याचा प्रवेश पक्का करायची मुदत आज दुपारीच संपतेय, हे त्यांना जेवायला येणाऱ्या एका मुलीकडून कळलं होतं. एसटीनं पोचणं शक्यच नव्हतं. माझे सगळे कागद त्यांच्याच कपाटात. मी चुलत्यांचं म्हणणं सांगायला लागले तर त्यांनी मधेच तोडलं.

"चुलत्याचं नको. तुझं सांग. कुठं शिकायचंय?"

चुलते ऐकतच होते.

"पुण्यात," मी म्हणाले.

"मग तुझ्या वतीनं मी प्रवेश घेते अशी चिठ्ठी लिहून फोटो पाठव. मी कणीक झाकून निघते."

चुलत्यांनी माझ्याकडं न बघता बापाला सांगितलं, "यंदा दुसरा मुकादम बघ."

आणि खरंच बापाला टोळीत घेतलं नाही त्यांनी. बाप आष्टीच्या टोळीत कसाबसा लागला, तोही उशिरा. प्रवेश झाला, पण घरून फोन आला की आजही मी आधी बापाला काम आहे ना, ते विचारते.

त्या दुपारी तिकडं काकू कॉलेजात रांगेत, आणि मेसच्या दारात उपाशी पोरं त्यांच्या नावानं शिव्या घालत होती. त्यातली काही दुसऱ्या मेसला गेली ती परत आलीच नाहीत. काकूंनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही, नंतर पोरांकडूनच कळलं.

एवढ्या वर्षांत काकूंना माहेरी मुक्कामाला गेलेलं मी पाहिलेलं नाही. काकू, एक अख्खा उन्हाळा मेस मी चालवीन आणि तुम्ही माहेरी जाऊन आयत्या ताटावर बसायचं. हे मी करणार.