गुरुजींची छत्री

त्या दिवशी गंगेच्या घाटावर आम्ही चौघंच होतो. मी, माझी शांता, गावाहून आलेले धाकटे दीर महादूभावजी, आणि गुरुजी. माझ्या मालकांचा दहावा होता. बायकांनी घाटावर जाऊ नये म्हणतात. पण कलकत्त्यात आपली चार माणसं आणायची कुठून?

गुरुजी खिदिरपूरच्या गोदीत कारकून. बालीगंजातल्या मराठी घरची कार्यं तेच करायचे. मंत्र म्हणता म्हणता मनगट वर करून घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "आटपा, मला ड्यूटी आहे." सत्यनारायणाचे पाची अध्याय शिरा गार व्हायच्या आत संपायचे.

आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "भावजींनी शांताचं गावाकडं जमवलंय. बिजवर आहे. मालक तर तिला नर्स करणार होते." गुरुजी "बरं" म्हणाले. एवढंच.

पिंड ठेवले, आम्ही मागं सरलो. कावळा शिवेना. आता इथले कावळे तुम्हाला ठाऊक आहेत, हातातली पोळी नेतात! तास गेला. भावजींना घाम फुटला.

"दादा, तुळजापूरला जाईन!"

"ते नसेल," गुरुजी म्हणाले.

"विडी सोडीन!"

"सोडा. पण तेही नसेल. मुलीचं काही बोलले होते का?"

भावजींनी तिकडं शब्द दिलेला.

तेवढ्यात मी बघितलं. कावळा उतरला की गुरुजींच्या छत्रीचं टोक पायरीवर खर्रकन फिरायचं, आणि कावळा उडायचा. मालक भुकेले बसलेत असं वाटून जीव तुटत होता. तरी मी बोलले नाही.

शेवटी भावजी रडतच म्हणाले, "दादा, शांताला शिकवीन. नर्स करीन."

गुरुजींनी छत्री खाली ठेवली. कावळा आला. त्या दिवशी त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

भावजी बाकी कुठला शब्द मोडतील, पिंडापुढचा नाही. त्या बिजवराकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यांनी. मी चार घरी पोळ्या लाटल्या. पाठ गेली. शांता नर्स झाली.

एकदा गुरुजींच्या पाया पडायला गेले. "माझ्या कसल्या पडता? कावळ्याच्या पडा," म्हणाले.

नोकरी संपल्यावर ते देशी परत गेले. पुढं वारल्याचं नुसतं कानावर आलं. तिथी कुणी सांगितली नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असली तर मला कळवा. त्यांच्या नावानं पान वाढायचं आहे.