धोंडाईची चाळीस पावलं

गोजरबाईनं आपला नवरा धोंडाईला दिला, आणि त्या बदल्यात धोंडाई तिच्यामागून चालते, असं झरी गावात बोलत. बोलत म्हणजे कानाला तोंड लावून बोलत, आणि बोलताना डोंगराकडे पाठ करत. तेवढ्यात खुद्द गोजरबाई डोक्यावर पाटी घेऊन समोरून आली की लगेच, "वांगे काय भाव देल्ले, वो बाई?"

झरी डोंगराच्या पायथ्याला आणि बाजाराचं गाव उंद्री डोंगराच्या माथ्यावर. गाडीरस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. डोंगर चढून गेलं तर सकाळी निघालेला माणूस बाजार भरायच्या आत तिथं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. साहेबाच्या नकाशात गाडीरस्ता लाल शाईनं काढलेला होता. डोंगरावरची वाट नव्हती काढलेली, आणि त्यात साहेबाची काही चूक नव्हती. ती वाट गावकऱ्यांनाही रोज नव्यानं शोधावी लागे. पाऊस पडला की गवत छातीला लागायचं आणि वाट त्याच्या पोटात जायची. तीन खोडांची एक सालई होती, ती सापडली तर पुढच्या कातळातल्या खाचा सापडत. खाचांवरून हातापायांनी वर गेलं की एक सपाट जागा लागे. तिला खळं म्हणत. मळणीच्या खळ्यासारखंच गोल आणि तसंच साफ.

खळ्यावर फसगत होती. डाव्या हाताला करवंदीच्या जाळीत लपलेली एक अरुंद घळ होती; ती माथ्यावर नेई. उजव्या हाताला बैलगाडी जाईल असा रुंद, गवताळ पट्टा होता. तो कातळाला वळसा घालून पुढे जाई आणि वळसा संपला की काहीच नसे. खाली तीनशे हात मोकळं. आणि नेमकी या उजव्या पट्ट्याच्या तोंडाशी बसलेली होती धोंडाई.

धोंडाई म्हणजे दगडांचा ढीग. मूर्ती नाही, देऊळ नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं एक दगड वाहायचा, हात जोडायचे आणि पुढे जायचं. कुणी कधी शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला. ढीग वाढत वाढत उभ्या बैलाएवढा झाला. तो कुणी सुरू केला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. देवाला असं कुणी विचारतं का?

गोजरबाईचा नवरा पुंजाजी त्या वाटेनं वीस वर्षं चढला-उतरला. भाजीपाल्याचं वावर होतं, विहिरीला बारमाही पाणी. दर बाजाराला दोघं नवराबायको पाट्या घेऊन उंद्रीला जात. एका भादव्यात गोजरबाई तापानं पडली आणि पुंजाजी एकटा गेला. खळ्यावर ढग उतरला होता. तिसऱ्या दिवशी तो कड्याखाली सापडला. वर जाऊन पाहिलं तर ढिगावर त्यानं वाहिलेला दगड तसाच होता, आणि ढिगापासून कड्यापर्यंत गवतात त्याच्या पावलांची एक सरळ रेघ. कुठे घसरल्याची खूण नाही, कुठे थबकल्याची नाही. देवीला हात जोडून उठलेला माणूस तसाच नाकासमोर चालत गेला होता.

तेरावा झाला आणि पुढच्याच बाजाराला गोजरबाई एकटी पाटी घेऊन डोंगर चढली. ही बाई रडली का नाही, याची गावाला फार चौकशी. रडताना कुणाला दिसली नाही, तिथूनच लोकांच्या मनात पाल चुकचुकली.

मग दुसरबीडकडचा एक बांगडीवाला, वर्षाकाठी एकदा त्या वाटेनं येणारा, तो झरीत उतरला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "तुमची देवी कोनं उचलून आनली वो? मागच्या खेपेले कडेले होती, आता पाच-सा पावलं मधात सरकेल हाये."

चावडीवर बसलेले एकेक करून उठले. त्या दिवशी त्याची एकही बांगडी खपली नाही.

गावच ते, शहानिशा केल्याशिवाय कसं राहील! दोन गडी दोरी घेऊन वर गेले. घळीच्या तोंडाशी एक उभा कातळ होता, तिथून धोंडाईपर्यंत दोरी ताणली आणि गाठ मारली. पुढच्या बाजारानंतर पुन्हा ताणली. गाठ चार बोटं पुढे गेली होती. त्याच्या पुढच्या बाजारानंतर आठ बोटं. गडी खाली आले ते दोरी वरच टाकून. ढिगातला दगडही हललेला दिसत नव्हता, शेंदूर होता तिथंच होता, दगडांवर पाली ऊन खात पडल्या होत्या, आणि एवढा मोठा ढीग आठवड्याला चार बोटं या गतीनं घळीकडे चालला होता.

या सगळ्याला तिखटमीठ लावायला झुंबरबाई होतीच. ही गोजरबाईची धाकटी जाऊ. तिला एखादी गोष्ट गुपचूप सांगितली की दवंडी पिटायचा खर्च वाचे. ती एकदा जावेच्या मागोमाग उंद्रीहून उतरत होती. विहिरीवर तिनं सांगितलं, "म्या माह्या डोयानं पाह्यलं, बायांनो. भाजी सारी इकून झालेली, पाटी रिकामी, अन् मान कशी वाकेल, तर पाटीत जसा मानूस बसला हाये. धोंडाईच्या मांगून पुढं, मांगून पुढं. अन् तोंडानं पुटपुटून राह्यली होती."

"मंग तू काय केलं?"

"म्या कायले काय करू? पयत सुटली!"

पुंजाजी गेल्यापासून सातव्या वर्षी गाव पंचायतीला बसलं. वामनराव पाटलांनी पंच बोलावले. पाटील मोठे धीराचे. डोंगराला भीत नसत, कारण पोटाच्या घेरामुळे त्यांनी तो कधी चढलाच नव्हता. बोलणं एकच होतं. गोजरबाईला गावात ठेवायचं की काढायचं? काढलं तर घर गेलं, विहीर गेली, वावर गेलं. आणि ते वावर जाणार होतं पुंजाजीच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे झुंबरबाईच्या नवऱ्याकडे, मोतीरामकडे. मोतीराम मान खाली घालून बसला होता. मिशीखाली हसत होता की काय, देव जाणे.

पाटील म्हणाले, "मोत्या, तुह्या घरची बाई हाये. येत्या बाजाराले तू वर जाय. काय दिसते थे पाह्य अन् इथी येऊन सांग. तू मनशीन तसं करू."

"मी? मी काऊन जी?" मोतीराम ताठ झाला. "मी कोनाले भेत नाई, पाटील. पन माहे गुडघे लय दुखून राह्यले."

"मंग झुंबरबाईले धाडू का?"

पंच हसले. मोतीराम गेला.

गेला तो नव्या जोड्यांत. तेल पाजलेले, पावलागणिक कर्र कर्र वाजणारे. पाळत ठेवायला निघालेला माणूस! धोतराच्या सोग्यात भुताखेतासाठी एक लोखंडी खिळा. भाऊ गेल्यापासून त्यानं ही वाट सोडली होती. सात वर्षं गाडीरस्त्यानं वळसा घालत होता. गोजरबाई पहाटेच उंद्रीला गेली होती. ती दुपारी उतरेल, त्याआधी खळ्यावर जाऊन दडून बसायचं, असा त्याचा बेत होता.

गवतात शिरला आणि खालचं गाव नाहीसं झालं. थोड्या वेळानं तीन खोडांची सालई दिसली. त्यानं हात जोडले, पुढे चालला. बरंच चालला. पुढे एक सालई दिसली. तीन खोडांची. बुंध्याशी गवत नुकतंच तुडवलेलं होतं, आणि त्यात जोड्याच्या टाचेचा ठसा होता, नवा.

मोतीरामनं आपला जोडा त्यावर ठेवून पाहिला; ठसा त्याचाच. चकवा लागला म्हणायचा. त्यानं बंडी काढून उलटी घातली, खिळा मुठीत धरला आणि पुन्हा निघाला. या वेळी खाचा सापडल्या. वर ढग उतरत होता. पाखरांचा आवाज आधी बंद झाला, मग वारा बंद झाला. भर दुपारची वेळ, पण उजेड असा की कुठून येतो ते कळेना. त्याची स्वतःची सावली पायाखाली नव्हती.

तो खळ्यावर आला आणि उजवीकडे पाहिलं. भावाच्या वेळी तिथं होती, तिथं धोंडाई नव्हती. तिथं गवत होतं. त्यानं मान वळवली. पार त्या टोकाला, घळीच्या तोंडाशी, ढगात काहीतरी काळं, उंच उभं होतं.

आणि तिथून आवाज येत होता. टक्. मग थोडं थांबून, टक्. दातावर दात आपटावा तसा. त्यामागून बाईचा आवाज, हलका, एकसुरी, काही तरी मोजल्यासारखा.

मोतीराम मागे सरला. घळीकडे तर जायचंच नाही. मग कुठे? सुरक्षित जागा एकच, धोंडाई आधी बसायची ती. देवी उठून गेली म्हणजे तिथं आता काही नसणार. हा विचार त्याला त्या घटकेला फार शहाणपणाचा वाटला. तो उजवीकडे वळला. पायाखाली मऊ, सपाट गवत लागलं, वाट रुंद झाली, जीव भांड्यात पडला. त्यानं पावलं उचलली. कर्र. कर्र. कर्र.

"भाऊजी, पाय उचलू नका."

आवाज मागून आला, अगदी जवळून. मोतीरामचा पाय तसाच राहिला.

"वयनी?"

"हाव, मीच. खाली पाहू नका. मांगं सरका. तोंड नका वयवू. मांगं. आनखीन एक."

पाहू नका म्हटलेलं त्यानं पाहिलंच. ढग जरा विरला होता. त्याच्या जोड्यापुढे दीड हातावर गवत संपत होतं, आणि त्याच्या पलीकडे, खाली, एक घार तरंगत होती. त्याला तिची पाठ दिसत होती.

तो खळ्यावर कसा परतला ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. गोजरबाईनं त्याला बंडीला धरून आणलं.

"तुले कसं समजलं मी हावो मनून?"

"तुमचे जोडे!" गोजरबाई म्हणाली. "सालईपासून ऐकून राह्यली मी. मनलं, भाऊजी एक फेरा गोल फिरले, आता येतीन. अन् बंडी काऊन उलटी घातली?"

मोतीराम बंडी झटकू लागला. तिची पाटी समोर, धोंडाईच्या पायाशी ठेवलेली होती. त्यानं पाटीत वाकून पाहिलं आणि तिथंच खाली बसला.

गोजरबाई त्याच्यासमोर बसली आणि दोनच वाक्यं बोलली. मोतीरामनं तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची नखं झिजून गेली होती. मग ती उठली.

"मले दोन बाजार द्या, भाऊजी. आठ बोटं राह्यले हाये. मंग पंचायले काय सांगायचं थे सांगा. वावर बी घ्या."

त्या संध्याकाळी चावडीवर माणूस मावत नव्हतं. मोतीराम आला तो उलट्या बंडीनंच. झुंबरबाईनं ते सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"काय बे मोत्या, पाह्यलं का?" पाटलांनी विचारलं.

"पाह्यलं, पाटील."

"मंग? चालते?"

मोतीरामनं सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. वावर, बारमाही विहीर, वांग्यांचे वाफे, सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. एक शब्द बोलायचा, की झालं.

"चालते," तो म्हणाला. "धोंडाई आपल्या मनानं चालते. वयनी नुसती तिची सेवा करते. मले देवीनं सांगतलं, मले घयीच्या तोंडाशी बसायचं हाये, दोन बाजारांत बसते, अन् त्या बाईले कोनी हात लावला तर त्याच्या घरी येऊन बसीन."

पाटलांनी पागोटं सावरलं. "कोनाच्या घरी?"

"जो हुकूम देईन त्याच्या."

पंचायत तिथंच उठली. दोन बाजार गेले. गडी दोरी घेऊन वर गेले, तेव्हा दोरी ताणायलाच जागा नव्हती. धोंडाई घळीच्या तोंडाशी, उभ्या कातळाला टेकून बसली होती. त्यानंतर ती एक बोटभरही हलली नाही. पाटलांनी पाच नारळ धाडले, अर्थात दुसऱ्याच्या हातून. गोजरबाईनं आणखी बावीस वर्षं त्या वाटेनं भाजी नेली. लोक तिच्या पाया पडत आणि पाठ वळली की पुन्हा तेच कुजबुजत. ढग दर भादव्यात उतरायचा. त्यातून येणारा माणूस ढिगावर दगड वाहायचा, हात जोडायचा, उठून नाकासमोर चालायला लागायचा आणि घळीतून थेट उंद्रीला पोचायचा. उजव्या पट्ट्यावर पुन्हा कुणी गेलं नाही.

मोतीरामनं खळ्यावरची ती दोन वाक्यं फक्त बायकोला सांगितली. आणि झुंबरबाईनं, ऐकून खरं वाटणार नाही, ती बावीस वर्षं पोटात ठेवली. गोजरबाई साध्या तापानं गेली, तिचा तेरावा झाला, तेव्हा कुठे विहिरीवर तिनं तोंड उघडलं.

धोंडाई कधी चालली नाही. गोजरबाई दर बाजाराला ढिगाच्या मागचे दगड मोजून पाटी-पाटीनं काढायची आणि पुढच्या बाजूला रचायची; सात वर्षांत ढीग चाळीस पावलं सरकला. मोतीराम वर गेला त्या दिवशी पाटीत दगड होते, त्यांतले तीन एका बाजूनं काळे होते. ते तीन तिनंच लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, जागा सपाट दिसली म्हणून, उजव्या पट्ट्याच्या तोंडाशी मांडले होते; पुढचे सगळे दगड लोकांनी त्यांच्यावर वाहिले. पुंजाजीला भूक लागली होती, आणि भाकरी भाजायला चूल पाहिजे होती.