जेवढं ऐकलं तेवढंच

आमच्या पिंप्राळ्याच्या गुरुवारच्या प्रार्थनासभेचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो. त्यातले निम्मे माझ्या तोंडामुळे झालेत. सगळे म्हणतात, अक्का रागीट आहे. आहे! त्यात लपवायचं काय?

*

आमच्या चर्चच्या पाळकांनी एकदा रागावर संदेश दिला. कमी बोला, जास्त ऐका, हे सांगायला तासभर बोलले. सभा संपल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. "येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथले, ते काय हळूच?"

पाळक चपला घालत म्हणाले, "एकदा उलथले हो, अक्का. तुम्ही दर गुरुवारी उलथता."

सगळे हसले. पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन बसले.

*

आमच्याकडे एक रीत आहे. गोल बसायचं, प्रत्येकाने आपली विनंती सांगायची, आणि मग आपल्या डावीकडच्या माणसाची विनंती प्रार्थनेत मांडायची. स्वतःसाठी काही मागायचं नाही. म्हणजे दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

एकदा माझ्या डावीकडे पाचोऱ्याचे आबा होते. गुडघे दुखतात, म्हणाले. मी डोळे मिटून सुरू झाले, "प्रभू, आबांचे गुडघे बरे कर. ते रोज भजी खातात, वजन वाढलंय, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, त्यांना अक्कल दे."

आबांनी एक डोळा उघडला. "अक्का, देवले सांगी ऱ्हायनी का माले?"

त्या दिवशी पाळकांनी खास माझ्यासाठी नियम केला, जेवढं ऐकलं तेवढंच मागायचं. मला अजिबात पटला नाही. देवाला पूर्ण माहिती नको?

*

माझी मुलगी रूथ धुळ्याला असते. "आई, मी नोकरी सोडली," एवढंच ती फोनवर म्हणाली. पुढचं सगळं मीच बोलले. तेवढ्यात कुकरच्या सहा शिट्ट्या होऊन डाळ खाली लागली. शेवटी तिने विचारलं, "झालं तुझं?" आणि फोन ठेवला. नोकरी का सोडली, ते विचारायचं राहूनच गेलं.

पाच महिने तिचा फोन नाही. मीही केला नाही. आई मी आहे, मी का करू? पण फोन वाजला की आधी नाव बघायचे, आणि दुसऱ्याच कुणाचं असलं की जीव खट्टू व्हायचा.

*

मग एका गुरुवारी सभा माझ्या घरी होती आणि रूथ आली. पाळकीणबाईंनी तिला बोलावलं होतं, मला न विचारता. जागा एकच उरली होती, माझ्या डावीकडे.

तिची पाळी आली. सतरंजीकडे बघत ती म्हणाली, "मला आईशी बोलायची भीती वाटते."

माझ्याकडे पाच महिन्यांची उत्तरं तयार होती. चारचौघांत, माझ्याच घरात! आबा माझ्याकडे बघत होते.

मी डोळे मिटले. "प्रभू, रूथला तिच्या आईशी बोलायची भीती वाटते." जिभेवर 'पण' येऊन बसला होता. "आमेन."

रूथने हळूच विचारलं, "एवढंच?"

"तू एवढंच सांगितलंस."

"अजून आहे," ती म्हणाली.

सगळे चहाची वाट बघत होते. बघू देत. मी बसूनच राहिले.