आमच्या घरमालकांचं शून्य

कर्वेनगरातल्या आमच्या घरमालकांइतका आकड्यांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांच्या बोलण्यावर न ठेवणारा दुसरा गृहस्थ पुण्यात नसेल. कुणी "आज फार उकडतंय" म्हटलं, की ते शांतपणे विचारत, "किती?" धायरीच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी घरात सुरू ठेवलं. फ्रिजमध्ये, देवघरात, आणि मी भाड्याने राहत होतो त्या मागच्या खोलीतही एकेक सेन्सर होता. सगळ्यांच्या वायरी बैठकीतल्या एका डबीत जात आणि ती डबी दर मिनिटाला प्रत्येक ठिकाणचं तापमान नोंदवून ठेवी. देवघरातल्या सेन्सरला घरमालकीण काकू रोज हळदकुंकू वाहत. त्या थरामुळे देवांचा आकडा जरा उशिरा बदलतो, अशी काकांची कायमची तक्रार होती.

काहीही मोजण्याआधी ते शून्य तपासत. "अहो, काहीच जोडलेलं नसताना यंत्र काय दाखवतं ते आधी बघा. मग बाकीचं." भाजीवालीचा काटाही ते आधी रिकामाच बघत उभे राहायचे. ती एकदा म्हणाली, "काका, आज शून्यच घेऊन जा. ताजं आहे."

मी करमाळ्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. इन्स्ट्रुमेंटेशनच्या व्याख्या सगळ्या पाठ होत्या, कळलेली एकही नव्हती. खराडीच्या कंपन्यांतल्या दोन मुलाखतींत नापास झालो, तेव्हा वडिलांनी फोनवर सांगितलं, "अजून एकदा बघ. नाही जमलं तर ये आणि दुकानात बस." हे काकांना कळलं. म्हणाले, "रोज संध्याकाळी साडेसातला बैठकीत या. उशीर नको. लवकरही नको."

पहिल्याच दिवशी त्यांनी सॅम्पलिंग विचारलं. मी इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली.

"छान. आता ते म्हणजे काय, ते सांगा."

मी तीच व्याख्या पुन्हा म्हटली, फक्त जरा हळू.

"हे बघा. मी दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात डोकावतो. दर वेळी ही बसलेली दिसते. म्हणजे ही दिवसभर बसून असते. बरोबर?"

आतून काकू म्हणाल्या, "अर्ध्या तासात मी दोन मिनिटं टेकते, नेमके तेव्हाच तुम्ही चहा मागायला येता. मधल्या वेळात वीस पोळ्या होतात."

"पाहिलंत? नमुने विरळ घेतले, की खोटंच चित्र खरं वाटायला लागतं. याला एलियासिंग म्हणतात."

"मग घटकेघटकेला डोकावा की," काकू म्हणाल्या. "येता येता कणीक मळून द्या."

तिसऱ्या मुलाखतीत हाच प्रश्न आला. व्याख्या ऐन वेळी पार विसरलो, म्हणून घाबरत काकूंच्या पोळ्या सांगितल्या. समोरच्या मॅडम हसल्या आणि पुढचे प्रश्न मराठीतच विचारू लागल्या. नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर काकांनी विचारलं, "प्रश्न किती?"

"सात."

"बरोबर किती?"

"पाच."

"मग उरलेले दोन उद्या बघू."

पुढे मी खराडीलाच राहायला गेलो. आठ महिन्यांनी भेटायला आलो, तर मागची खोली रिकामीच. काकांनी दोन आलेख पुढे ठेवले. "हा आपण राहत होतात तेव्हाचा. आपण खोलीत आलात, की रेघ एखाद्या अंशाने चढायची. माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवाच असतो. आणि हा आत्ताचा." दुसरी रेघ सपाट होती.

"मग दुसरा भाडेकरू नाही ठेवलात?"

"आधी शून्य नीट घ्यायला हवं."

"आठ महिने झाले, शून्यच घेतायत," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला. मग घड्याळाकडे न बघता म्हणाले, "आलाच आहात, तर जरा खोलीत बसून जा. सेन्सर चालतोय का ते कळेल."

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.