शिवेखालचा कोळसा

आमच्याकडे त्या काळी कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. उमेदवारानं दाराशी सतरंजीच्या कडेला बसायचं, साहेबांचे बरू तासून द्यायचे, सुरईत पाणी भरायचं आणि सहा महिन्यांनी कुणाची मर्जी झालीच तर दप्तराला हात लावायचा. बरं, ही जागा तरी कुणाला? तहसीलदाराच्या मेहुण्याला, नाहीतर पेशकाराच्या भाच्याला. मी बीडच्या शाळेत गणित शिकवत होतो. माझ्या हाताखालून गेलेली काही पोरं औरंगाबादच्या कॉलेजात पोचली होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येऊन ती नुसती लोळतात हे मला बघवत नसे. म्हणून मी भर उन्हात शेरवानी आणि रुमी टोपी चढवून कचेऱ्या पालथ्या घालू लागलो. "माझा मुलगा दोन महिने फुकट राबेल, पण बरू तासणार नाही. त्याला खरं काम द्या," असं मी तोंडावर सांगायचो. निम्मे अधिकारी हसायचे, निम्मे चिडायचे. मी काही हटायचो नाही. एकाला वकिलाकडे लावलं, एकाला दवाखान्यात, एकाला सडकेच्या कामावर, आणि तिघांचंही उत्तम जमलं.

मला त्याचा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? पोराकडे एकदा बघितलं की तो कुठं शोभेल ते मला कळतं, असं मी चारचौघांत सांगत सुटायचो. "पोरं इतकी ओळखता, मग बाजारातनं वांगी तेवढी किडकी कशी आणता?" असं बायको विचारायची. मी लक्ष द्यायचो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नेकनूरच्या डोंगराकडचा एक मेंढपाळ थोरल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मुलगा माझाच विद्यार्थी, त्यांच्या वाडीतून कॉलेजात गेलेला पहिलाच. बापाचं मन मात्र कधीच मानलं नव्हतं. तो पायरीवरच बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या शब्दाखातर धाडला. आता ह्याचं शिकणं कशाच्या कामाचं हाय ते ह्या उन्हाळ्यात मला दावा. न्हाई दिसलं तर मिरगापासनं हा मेंढरांमागं."

"दाखवतो," मी म्हणालो. मेंढपाळाचा मुलगा म्हटल्यावर मी क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला जनावरांच्या दवाखान्यात सलोत्रींपुढे, म्हणजे तिथल्या डॉक्टरांपुढे, उभा केला. मुलगा "बरं" म्हणाला. ते 'बरं' मला आनंदाचं वाटलं.

नवव्या दिवशी सलोत्रींचा निरोप आला, तुमचा उमेदवार तीन दिवस फिरकलेला नाही. माझं डोकंच फिरलं. माझा शब्द, माझी शेरवानी, सगळं याच्या पायी मातीत! बैलगाडीनं नेकनूर गाठलं आणि तिथून छत्री घेऊन तणतणत डोंगर चढलो. माळावर एका बाभळीखाली मेंढरं बसली होती आणि हा मांडीवर कागद घेऊन बसला होता.

"का रे, पळून आलास?" मी ओरडलो.

तो दचकून उठला. कागद माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून पाहिला. कागदावर सगळा डोंगर होता. प्रत्येक ओढा, प्रत्येक पाणवठा, तीन गावांच्या शिवा, आणि जागोजागी बारीक अक्षरात पावलांचे आकडे. मी चढून आलो होतो ते अंतर मनात ताडून पाहिलं, ते बरोबर निघालं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. मेंढरांमागं चालताना पावलं मोजायची सवय लागली."

"मग दवाखान्याला हो कशाला म्हणालास?"

"तुमी इचारलंच न्हाई, मास्तर. तुमी सांगितलंत."

मला भयंकर लाज वाटली. दुसऱ्याला न विचारता दाराशी बसवणाऱ्या साहेबांवर मी इतकी वर्षं दात खात होतो, आणि मी तरी निराळं काय केलं होतं?

त्या दिवसांत नेकनूरजवळ जमिनीच्या मोजणीचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन मी मोजणीच्या अमीनसाहेबांच्या तंबूत गेलो. बापही मागोमाग आला, बघू तर खरं म्हणून. अमीनसाहेब आधीच वैतागलेले होते. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथला दगड चार दिवस सापडत नव्हता, आणि तिन्ही पाटील तीन दिशांना बोट दाखवत होते. "कॉलेजचा पोरगा? तो सावली हुडकील," ते मला म्हणाले.

मी मुलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं मला तंबूबाहेर बाजूला घेतलं.

"मास्तर, आमची मेंढरं ज्या धोंड्यावर मीठ चाटत्यात, तोच हाय तो. आडवा पडलता, तवा आबानं ढकलत झाडाखाली आणला. सांगितलं तर आबाला धरत्याल."

शिवेचा दगड हलवणं म्हणजे सरकारी गुन्हा. सांगितलं तर बाप जातो, नाही सांगितलं तर कॉलेज जातं.

बापानं ते ऐकलं असावं. तो सरळ तंबूत शिरला. "सायेब, धोंडा मीच हलवलाय. मेंढरांना मीठ चाटाया. शिवेचा हाय हे ठावं न्हवतं."

"उचलला कुठून?"

"ते काय आता याद न्हाई."

पाटलांनी एकच गिल्ला केला. ज्याला त्याला वाटलं, हा दुसऱ्याच्या बाजूनं खोटं बोलतोय. त्या गोंगाटात मुलगा पुढे झाला आणि कागद उलगडून म्हणाला, "मला याद हाय. धोंडा काढल्यावर खळगा राहिलता. तो बुजायच्या आधी मी मोजून ठेवलाय."

अमीनसाहेबांनी कागद वाचून परत दिला. मग म्हणाले, जुन्या शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरलेला असतो, तो कुजत नाही. मुलगा दाखवेल तिथं कोळसा निघाला तर ठीक, नाही निघाला तर बापाला ठाण्यावर पाठवतो.

मुलगा पाणवठ्यापासून पावलं मोजत निघाला. आम्ही सगळे मागं. एका जागी तो थांबला. ना खूण, ना झुडूप, नुसता माळ. "इथं," तो म्हणाला.

कुदळ चालली. वीतभर खणलं, माती. हातभर खणलं, माती. एक पाटील हसला. मी शेरवानीत घामानं निथळत होतो, आणि कुदळीखालची माती एकदम काळी झाली.

कोळसा! बापानं वाकून एक तुकडा उचलला आणि बोटांनी चोळून पाहिला. अमीनसाहेबांनी त्याला एवढंच सांगितलं, "दगड परत आणून लाव." मग मुलाकडे वळले. "उद्या दिवस उगवायला ये. मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक तू धरायचं." मला रडू आलं. टोपी पुसायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. माझ्या उभ्या नोकरीत मला कशाचा इतका अभिमान वाटला नाही, आणि गंमत अशी की त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

उरलेली सगळी सुट्टी मुलानं साखळी धरली. कॉलेजबद्दल बाप काही बोलला नाही, आणि विचारायची मला हिंमत झाली नाही. मृग लागला तसा एका सकाळी तो दोन्ही मुलांना घेऊन माझ्या दारात उभा राहिला. खांद्यावर नवी कोरी घोंगडी होती.

"मास्तर, औरंगाबादेत पाऊस लई असतो का वो?"

"असतो," मी म्हणालो.

त्यानं घोंगडी थोरल्याच्या खांद्यावर टाकली, तिची घडी दोनदा नीट केली आणि जायला वळला. पायरीवर थांबून धाकट्याला पुढे केलं.

"ह्यो औंदा तुमच्या शाळंत येतोय. ह्याला कुठं लावायचं असलं तर आधी इचारा."

आत बायको खो-खो हसली. मी तिथंच पायरीवर उकिडवा बसलो आणि त्या पोराला विचारलं.